सोडवायचा राहिलेला गोफ

गाठ पडली ती आमच्या जळगावच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी. अशी पडली की माझा इंजिनिअर मुलगा कमरेवर हात ठेवून बराच वेळ वर बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आई, कात्री आणू?"

"आण," मी म्हटलं, "आणि आधी माझ्या वेणीला लाव. गोफाला कात्री लावत नाहीत, नितीन."

वर शेडच्या लोखंडी आडव्याला एक कडी. कडीला आठ लांब रंगीत पट्ट्या, सूनबाईच्या जुन्या ओढण्या फाडून केलेल्या. खाली आठ माणसं, एका हातात पट्टीचं टोक, दुसऱ्या हातात टिपरी. चौघांनी उजवीकडून फिरायचं, चौघांनी डावीकडून. समोरून येईल त्याच्या टिपरीवर टिपरी मारायची, एकाच्या आतून जायचं, पुढच्याच्या बाहेरून. आत, बाहेर, आत, बाहेर. फिरता फिरता डोक्यावर पट्ट्यांची वेणी पडत जाते, रंगारंगाची, सापाच्या अंगावर असते तशी चौकटीचौकटीची. हा गोफ. तो विणला आम्ही छान. मग सोडवायला उलटे फिरलो आणि त्याचं वारूळ झालं.

माझी नात सई सहावीत आहे. तिच्या शाळेने पुढच्या रविवारी घरच्या सगळ्यांना बोलावलंय. गणित, चित्रं आणि गाणं ह्यांचं एकमेकांशी काय नातं लागतं, ते म्हणे आपापल्या माणसांबरोबर शोधायचं. कुणी कागदाच्या घड्या घालणार, कुणी टाळ्या मोजून त्यांची नक्षी काढणार. सईने वर्गात हात वर करून सांगून टाकलं, "आमची आजी गोफ विणते." विणते म्हणे! लग्नानंतर ह्या आजीने स्वेटरसुद्धा विणला नाही. पण नातीने चारचौघांत दिलेला शब्द म्हणजे काय असतो ते आज्यांना माहीत असतं.

"सोडवायचं कसं ते तुला येत नाही का?" सईने विचारलं.

"मी गायचे," मी म्हटलं. "सोडवायचं अक्का बघायची."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सिंधू. धुळ्याला असते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं तिने. दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला होता, "मावशी, आईला आता फारसं कळत नाही. मला कधी ओळखते, कधी 'कुठलं गिऱ्हाईक आलं' म्हणते. तू येशील तर मनाची तयारी करून ये." मी त्याला म्हटलं होतं, "तुला नसेल ओळखत. तू नंतर आलास. मी तिच्या मांडीवर वाढलेय." बोलले तोऱ्यात, पण गेले नाही. पाय दुखतात, ऊन आहे, थंडी आहे, पापड घालायचेत.

मला घरात बेबी म्हणत. हसू नका, आमच्या काळी गल्लीत तीन बेब्या होत्या. आई गेली, नाना गेले, मामा गेले, शेजारच्या काशीकाकू गेल्या. प्रत्येकाबरोबर त्या नावाचा एकेक आवाज गेला. आता मला बेबी म्हणणारं तोंड एकच उरलंय, धुळ्यात. त्या तोंडालाही मी आठवेनाशी झाले, तर मग ती बेबी होती असं सांगायला जगात दुसरं कोणी नाही. भीती ही होती. पापडांची नाही.

त्या गाठीखाली उभं राहून मी म्हटलं, "सई, पिशवी आण. उतरव हे असंच्या असं. आपण अक्काकडे जाऊ. ती सोडवेल."

*

आमचं माहेर अमळनेरचं. अमळनेर म्हटलं की मला आधी वास येतो. तेलगिरणीतून येणारा गरम, जडसर वास, अंगावर पांघरूण घातल्यासारखा. उन्हाळ्यात तो नकोसा व्हायचा आणि भाद्रपद-आश्विनात, पाऊस सरल्यावर, त्यात सरकीच्या ढेपेचा आणि ओल्या मातीचा वास मिसळला की भूक लागायची. मग जिनिंगमधून कापूस उडायला लागे. बाभळींना, तारांना, आमच्या केसांना कापसाचे पुंजके. गिरणीचा भोंगा झाला की नाना घरी यायचे आणि आई म्हणायची, "पोरींनो, गुलाबाईची वेळ झाली."

गुलाबाई बसायची महिनाभर. मातीची गुलाबाई, शेजारी तिचे यजमान, फेटेवाले गुलोजी, पुढे ज्वारीची कणसं. संध्याकाळी घरोघर पोरींनी जायचं, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची आणि शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. अक्का डब्याला कान लावून सांगायची. फुटाणे वेगळे वाजतात, शेंगदाणे वेगळे. अर्धा भरलेला डबा आणि पाऊण भरलेला डबा ह्यांतला फरकही तिला ऐकू यायचा. मी मात्र वाजण्यावर वेळ घालवत नसे. मी सरळ त्या घरच्या धाकट्या पोराला आधी गाठून विचारून ठेवत असे.

गोफ फक्त आमच्या ओसरीत. आढ्याला पाळण्याची कडी होती. आईने कुठे माहेरी की जत्रेत पाहिला होता म्हणे, आणि तिने तो आमच्या गुलाबाईत आणला. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या ती घरीच रंगवायची. पळसाची फुलं, हळद, डाळिंबाच्या साली, आणि एक निळा रंग ती नीळ घालून करायची, जो दरवर्षी वेगळा व्हायचा आणि दरवर्षी आई म्हणायची, "हाच पाहिजे होता." चुलीवर पातेलं, पातेल्यात रटरटणारी पट्टी, आईच्या कोपरापर्यंत पिवळे हात. त्या हातांनी वाढलेलं वरण मला अजून आठवतं. आम्ही वरण कशाने पिवळं आहे ते कधी विचारलं नाही.

कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग धरायचा, ते आई ठरवायची. पण विणल्यावर काय दिसेल ते अक्का आधीच सांगायची. "लाल आणि पिवळी समोरासमोर धरली, तर नागमोडी येईल. शेजारी धरली तर चौकटी." आई म्हणायची, "तुला गं काय माहीत?" आणि तसंच यायचं. आई हरखून वर बघत राहायची, हातातला झारा तसाच. त्या दोघींमध्ये तेव्हा काहीतरी चालायचं, जे मला कळत नव्हतं आणि त्यामुळे मला त्याचा भयंकर राग यायचा.

कारण ती बेबी, काय सांगू तुम्हाला, एक नंबरची नखरेल. गणितात मिळालेले गुण मुंगीलाही पाय म्हणून पुरले नसते. पण आपला गळा गोड आहे ही बातमी तिला कुठून तरी लागली होती. तेव्हापासून ती पाणी प्यायलीसुद्धा तरी लोक ऐकतात असं समजून प्यायची. कपाळावर एक बट मुद्दाम काढलेली, बटेला खोबरेल. ओसरीत आठ पोरी फिरतायत, सातजणी पाय बघतायत आणि ही बया दारात जमलेल्या बायांकडे बघत गातेय. दोन वेळा खांबाला धडकली. एकदा कपाळाला टेंगूळ आलं ते तिने बटेखाली झाकलं आणि पुढचं कडवं आणखी वरच्या पट्टीत घेतलं.

"तू मोजत का नाहीस?" अक्का चिडायची.

"ज्यांना गळा नसतो त्यांनी मोजावं," बेबीचं उत्तर तयार.

अक्काला गळा नव्हता हे खरंच. ती गायची तेव्हा बैलगाडीला वंगण हवंय असं वाटायचं. पण तिने माझ्यावर एक युक्ती केली. म्हणाली, "नको मोजूस. तू गा. तुझी ओळ चार ठोक्यांची आहे. ओळ संपली की तू बाहेर असशील आणि मी आत. नसलीस, तर तू चुकलीस." एवढंच. मग मी गाता गाता बरोबर जाऊ लागले. किती तरी वर्षं मी समजत होते की गाण्यामुळे गोफ विणला जातोय. अक्काने गाण्याच्या आत मोजणी लपवून ठेवली होती, लहान पोराच्या घासात औषध लपवतात तशी, आणि मी ती रोज सुरात गिळत होते.

विणत आणलेला गोफ टांगता ठेवायचा नाही, असा आमच्या आईचा नियम. पट्ट्या आखूड झाल्या, आठही पोरी इतक्या जवळ आल्या की एकमेकींच्या केसांतल्या झेंडूचा वास यायला लागला, की अक्का ओरडायची, "फिरा!" मग सगळं उलटं. मागच्या पावली आत, मागच्या पावली बाहेर. वेणी खालून वर उसवत जायची आणि एकेक रंग परत आपापल्या पोरीकडे यायचा. लाल लालकडे, निळी निळीकडे. शेवटी आठ पट्ट्या सरळ लोंबत, जणू काही झालंच नाही.  ओसरीत फक्त बाहेरून येणारा गिरणीचा घरघराट.

गाणं मात्र उलटं गाता येत नसे. गोफ उसवताना पाय मागे जायचे आणि गाणं पुढेच. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, कळण्यासारखं माझ्या डोक्यात काही नव्हतं. आता पार्किंगमध्ये उभी असताना कळलं. आणि कळून कुणाचं काय भलं झालं?

त्या आठजणींतल्या बाकी सहाजणींची मी नावं घेत नाही. घेतली की एकेकीच्या पुढे कै. लावावं लागतं. ओसरी गेली, तिथे आता चपलांचं दुकान आहे. पाळण्याची कडी कुठल्या भंगारात गेली असेल. गिरणीचा तो वास आता अमळनेरला उतरल्यावर येत नाही. मी मुद्दाम नाक वर करून उभी राहिले होते एकदा स्टँडवर. एक पोरगा म्हणाला, "आजी, काही जळतंय का?"

*

धुळ्याला आम्ही दोघीच निघालो, मी आणि सई. नितीन गाडी काढतो म्हणत होता. मी म्हटलं, एसटीत मला अर्धं तिकीट आहे, तुझ्या गाडीत पूर्ण भाषण ऐकावं लागतं.

एरंडोल गेलं. सईने पिशवीतून ओढण्यांचे उरलेले तीन तुकडे काढले, समोरच्या सीटच्या दांडीला बांधले आणि त्यांच्याशी खेळत बसली. कंडक्टरने एकदा बघितलं, दोनदा बघितलं. पारोळ्याच्या अलीकडे ती एकदम ताठ बसली.

"आजी! आपण फिरलो तेव्हा शेवटचं पाऊल आत होतं ना? मग परत जाताना पहिलं पाऊलसुद्धा आतच पाहिजे. आपण 'आता बाहेर' म्हणून बाहेर गेलो. म्हणून गाठ. वळताना तेच पाऊल दोनदा टाकायचं!"

आणि मला एकदम ऐकू आलं. "फिरा!" म्हटल्यावर अक्का टिपरीचा तोच ठोका दोनदा वाजवायची. टक्... टक्. मध्ये गाण्याला एक श्वासाची जागा सोडायची. मला वाटायचं, मला दम घ्यायला देतेय. वरून मी तिला एकदा म्हटलंही होतं, "मला नाही लागत दम. तूच थकतेस." बघा! म्हणजे देव अक्कल वाटत होता तेव्हा ही बेबी आरशापुढे उभी होती, ती अशी.

"मग आता आपल्याला कळलं की," सई म्हणाली. "मग आपण कशाला चाललोय?"

खिडकीबाहेर कापूस वेचून झालेली शेतं मागे जात होती. मी तिला म्हटलं, "तिकीट काढलंय म्हणून."

*

अक्का खाटेवर बसली होती. स्वच्छ पातळ, केस कुणीतरी घट्ट विंचरून दिलेले, चष्मा नाही. भाचा मोठ्याने म्हणाला, "आई, बघ कोण आलंय!" तिने बघितलं. वर्गात उशिरा आलेल्या पोरीकडे बघावं तसं. मग म्हणाली, "बस व माय. पानी ले."

भाचा हळूच म्हणाला, "हल्ली अहिराणीच बोलते. मराठी विसरल्यासारखीच झालीय." जन्मभर शाळेत ज्या बाईंनी 'त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज' म्हणताना एकही अक्षर सैल सोडलं नाही, त्या बाई परत ओसरीवरची बोली बोलत होत्या. मला उलट बरं वाटलं. वाटलं, ती तिकडेच गेलीय ना, मग तिथे मी आहेच.

"अक्का," मी तिच्याजवळ सरकून म्हटलं, "माले वळखस का?"

"तू कोन शे?"

"मी बेबी."

ती हसली. दात नसलेलं, छान हसली. भाच्याकडे बघून म्हणाली, "हाई बाई बेबी शे म्हने!" आणि माझ्या पांढऱ्या डोक्याकडे, माझ्या काठीकडे बघून पुन्हा हसली. मीही हसले. दुसरं काय करणार? विनोद चांगलाच होता.

सईला वाटलं असेल की आता काहीतरी करायला हवं. तिने पिशवीतून गोफ काढला, गाठीसकट, आणि खिडकीच्या गजाला बांधला. आठ पट्ट्या खाटेवर पसरल्या. अक्काची बोटं लगेच पुढे आली. गाठीत घुसली, एक लाल पट्टी वर उचलली, तिच्याखालून हिरवी ओढली. डोळे दुसरीकडेच, बोटं मात्र कामात. मला आशा वाटली. मी पुढे झुकून विचारलं, "कशी सुटी व अक्का?"

"आते नही सुटाव," ती म्हणाली. "बठ्ठ्या पोरी उन्यात. बेबी ऊनी नही अजून." सगळ्या पोरी आल्या होत्या, एक बेबी सोडून.

"कुठे गेलीय?" हे सईने विचारलं. मला विचारता आलं नसतं.

"आरसासमोर बशी ऱ्हायनी व्हई." मग तिने भाच्याकडे, भिंतीकडे बघून घेतलं आणि माझ्याकडे वाकून, गुपित सांगावं तसं सांगितलं, "तिना गळा गोड शे. भलता गोड शे. पन तिले सांगानं नही. चढी जास."

साठ-पासष्ट वर्षं मी हे एक वाक्य ऐकायला टपून होते. लग्नात गायले, बारशांत गायले, तिच्या निवृत्तीच्या समारंभात गायले. त्या दिवशीसुद्धा बाई म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या कडव्यात लय पळवलीस." आणि आता सांगितलं, तर कुणाला सांगितलं?

मग मी वेडेपणा केला. म्हटलं, ओळख पटवायची तर पुरावा द्यावा. मी गुलाबाईचं ते गाणं सुरू केलं, चार ठोक्यांच्या ओळीचं. गुडघ्यावर हाताने ठोके देत. पहिली ओळ निघाली ती कुठल्या तरी फाटक्या पत्र्यातून वारा जावा तशी. वर जायच्या जागी आवाज गेलाच नाही, तिथे नुसता श्वास निघाला. तरी मी गात होते. डोळे तिच्या तोंडावर. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने माझ्या गुडघ्यावरच्या हातावर आपला हात ठेवला आणि ठोका थांबवला.

"तू नको म्हनू व माय," ती अगदी समजुतीने म्हणाली. "तुले नही जमाव. बेबीले येवू दे."

भाचा उठून आत गेला. चहा बघतो म्हणाला. सई माझ्याकडे बघत नव्हती, गोफाकडे बघत होती. वळणाचं गणित तिला आता पाठ होतं. आत तर आत, मग बाहेर. तिने एक पट्टी उचलली आणि हळूच म्हणाली, "सिंधूआजी, मला येतं सोडवायला. करू?"

"आठजनी लागतस," अक्का म्हणाली. तिने पट्ट्या एकेक वेगळ्या केल्या. एक सईच्या हातात दिली. एक स्वतःच्या मांडीवर घेतली. बाकीच्या खाटेच्या कडेला ओळीने मांडल्या, जिथे मला कोणी दिसत नव्हतं तिथे. प्रत्येक मांडताना ती मान हलवायची, कुणाला तरी जागा दाखवावी तशी. शेवटी निळी उरली. ती तिने हातात उलटीसुलटी करून पाहिली. मग माझी मूठ उघडली, निळीचं टोक आत ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून मिटली.

"हाई तिनी दोरी शे. ती येस तवर तू धर. सोडू नको बरं."

"नाही सोडणार," मी म्हटलं.

चहा आला, निवला. सईने दोनदा विचारलं, शेवटची बस किती वाजता. खिडकीतून ऊन खाटेवर आलं आणि पट्ट्यांवरून सरकत भिंतीवर गेलं. हात भरून आला होता. अक्का दाराकडे बघत होती, पोरगी यायला उशीर करते तेव्हा बघतात तशी, जरा रागाने, जरा काळजीने. मी मूठ घट्ट केली आणि मीही दाराकडे बघायला लागले.